बी व्हिटॅमिन्स: सात स्वयंपाकघरात मिळतात, आठव्याची सोय मुद्दाम करावी लागते

"बी१२ कमी आलंय, काय खाऊ?" हा प्रश्न हल्ली इतक्या वेळा कानावर येतो की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण याचं उत्तर एका वाक्यात दिलं की हमखास चुकतं. कोणी सांगतं मोड आलेले मूग खा, कोणी सांगतं बीट खा, कोणी बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप हातात देतं आणि विषय संपतो. बी हे एक व्हिटॅमिन नाही, आठ वेगवेगळी व्हिटॅमिन्स आहेत: बी१ म्हणजे थायमिन, बी२ रायबोफ्लेविन, बी३ नायसिन, बी५ पँटोथेनिक अ‍ॅसिड, बी६ पायरिडॉक्सिन, बी७ बायोटिन, बी९ म्हणजे फोलेट (गोळीत मिळतं ते फॉलिक अ‍ॅसिड) आणि बी१२ कोबालामिन. मधले आकडे गळलेले दिसतात कारण सुरुवातीला व्हिटॅमिन म्हणून मोजलेले काही पदार्थ पुढे व्हिटॅमिन नाहीतच असं ठरलं.

माझं म्हणणं सरळ आहे. यातली सात आपल्या रोजच्या जेवणात भरपूर असतात, फक्त आपण ती धुवून, गाळून, पॉलिश करून, सोडा घालून घालवतो, म्हणजे तिथे काम आहे ते स्वयंपाकाची सवय बदलायचं. आठवं म्हणजे बी१२ मात्र कुठल्याच भाजीत, डाळीत, धान्यात नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाने कितीही चौरस जेवण घेतलं तरी त्याची वेगळी सोय करावीच लागते. ही दोन कामं वेगळी आहेत हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

आधी स्वयंपाकघर

ही सगळी पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन्स आहेत आणि बी१२ सोडलं तर शरीर यांचा फार मोठा साठा करत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी गडद पिवळी होते आणि लोक घाबरतात, ते जादाचं बी२ बाहेर पडत असतं, घाबरण्यासारखं काही नाही. पण याचाच अर्थ असा की ही रोजच्या रोज जेवणातून यायला हवीत, रविवारी एकदम खाऊन आठवडाभर पुरत नाहीत.

तांदळापासून सुरू करूया. तांदळाचं बी१ बहुतेक सगळं वरच्या कोंड्याच्या थरात आणि अंकुरात असतं, आणि गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत पॉलिश केला की तेच निघून जातं. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन नावाच्या डच डॉक्टरने पाहिलं की पांढऱ्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि बिनपॉलिशचा तांदूळ दिला की त्या परत उभ्या राहतात. माणसांमधला बेरीबेरी, म्हणजे बी१ कमी पडून हातापायांतली ताकद जाते तो रोग, कशाने होतो याचा धागा तिथून लागला आणि त्यासाठी १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या कोकणात आणि गोव्यात यावर पिढ्यानपिढ्या उपाय आहेच, उकडा तांदूळ. भात सालासकट भिजवून उकडतात, मग वाळवून सडतात म्हणजे कांडून साल काढतात, त्या उकडण्यात कोंड्यातलं बी१ पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं आणि मग वरचा कोंडा गेला तरी बरंचसं आत राहतं. ज्यांना उकड्याची पेज आवडते त्यांनी ती बिनधास्त चालू ठेवावी, ज्यांना त्याचा वास चालत नाही त्यांनी हातसडीचा किंवा निदान कमी पॉलिशचा तांदूळ बघावा. आणि कुठलाही घेतलात तरी पाच-सहा पाण्यांनी खसाखसा चोळून धुऊ नका, दोनदा हलक्या हाताने पुरे, आणि भात बेताच्या पाण्यात शिजवा म्हणजे पेज काढून टाकायची वेळ येणार नाही. काढलीतच तर मीठ-तूप घालून पिऊन टाका.

रेशनच्या तांदळाबद्दल इथेच सांगते कारण त्यावरून घराघरात अफवा आहेत. त्यात अधूनमधून थोडे वेगळ्या रंगाचे दाणे दिसतात, पाण्यात टाकले की त्यातले काही तरंगतात, आणि लगेच "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून बायका ते वेचून फेकतात. ते फोर्टिफाइड दाणे असतात, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२ मिसळून दाण्याच्या आकारात काढलेले, आणि साधारण शंभराला एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळलेले. नेमके तेच वेचून टाकले तर ज्या कारणासाठी तो तांदूळ दिलाय तेच गेलं. वेचू नका, आणि जास्त पाण्यात उकळून ते पाणी ओतूही नका. फक्त त्यातल्या बी१२ वर सगळा भरवसा ठेवू नका, एका किलोत पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे दिवसाला दोनशे ग्रॅम तांदूळ खाल्ला तर गरजेचा दहावा भाग.

डाळी-कडधान्यांमध्ये बी१, बी६ आणि फोलेट चांगलं असतं. इथे नुकसान करणारी मुख्य गोष्ट म्हणजे खायचा सोडा. हरभरे, छोले, राजमा पटकन शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा घालतात, पालेभाजी हिरवीगार राहावी म्हणूनही घालतात, पण अल्कली आणि उष्णता एकत्र आली की बी१ टिकत नाही. रात्रभर भिजवा आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त घ्या, सोड्याची गरजच पडत नाही. कुकर तसा चांगलाच, कारण वेळ कमी लागतो आणि पाणी आतच राहतं. कडधान्याला मोड आले की फोलेट वाढतं, त्यामुळे मटकीची उसळ, मुगाची उसळ आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हायला हवी. भिजवायच्या आधी नीट धुवून घ्या आणि मग बेताच्या पाण्यात भिजवा.

पाण्यात उतरलेलं परत पोटात कसं आणायचं याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे कटाची आमटी. पुरणासाठी डाळ शिजवली की वरचं पाणी निथळून काढावं लागतं, नाहीतर पुरण सैल होतं, आणि त्या कटात डाळीतली पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन्स उतरलेली असतात. ते मोरीत न ओतता त्याला गोडा मसाला, चिंच-गूळ, सुकं खोबरं लावून आमटी करायची, हीच युक्ती बाकी सगळ्याला लावा. भाज्या उकडलेलं पाणी वरणात, कडधान्याचं पाणी रश्श्यात, आणि घरी पनीर केलंत तर खाली उरलेलं पाणी कणीक मळायला. ते पनीरचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरून बघा, फिकट हिरवट-पिवळी झाक दिसेल. ती झाक बी२ ची आहे, डोळ्यांना दिसणारं व्हिटॅमिन, आणि आपण ते सिंकमध्ये ओततो.

बी२ उजेडाने मरतं. दूध पारदर्शक बाटलीत किंवा पातेल्यात उन्हाच्या खिडकीशी दोनेक तास राहिलं तर त्यातलं बरंचसं बी२ जातं. दूध आलं की तापवून झाकून ठेवा, एवढंच.

पालेभाज्यांमध्ये फोलेट असतं, पालक, मेथी, चवळई, अंबाडी, शेपू, सगळ्यांत, पण फोलेट फार नाजूक आहे, उष्णतेने जातं, पाण्यात उतरतं, नुसतं चिरून ठेवलं तरी कमी होत जातं. म्हणून आधी धुवा, मग चिरा, चिरली की लगेच फोडणीला टाका. चिरून मग पाण्यात बुडवून ठेवणं किंवा आदल्या रात्री चिरून फ्रिजमध्ये डबा भरून ठेवणं नोकरी करणाऱ्यांना सोयीचं पडतं हे मला कळतं, तेव्हा रोज नाही जमलं तर निदान निवडून ठेवा आणि चिरा सकाळी. डाळ घातलेली पालकाची किंवा चुक्याची पातळ भाजी या दृष्टीने उत्तम, कारण पाणी फेकायचा प्रश्नच येत नाही आणि डाळ-पाला दोन्हीकडून फोलेट मिळतं.

फोलेटची गोष्ट तर आपल्या मुंबईतच घडलेली आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर इथे आल्या, मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांमध्ये, ज्यात कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायका बऱ्याच होत्या, एक वेगळ्या प्रकारचा जीवघेणा पंडुरोग दिसत होता, त्यात रक्तातल्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या व्हायच्या. विल्सबाईंनी आहार तपासला, आणि यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं साधं मार्माइट, दिल्यावर या बायका भराभर सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं ते पुढच्या दशकात कळलं, १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव पडलं, आणि प्रयोगशाळेत तो तयार करण्याचं काम अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या भारतीय शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली झालं. आज गरोदरपणात मिळणारी ती छोटी गोळी आपल्याकडच्या कष्टकरी बायकांच्या रक्तावरून सुरू झालेली आहे, हे प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बी३ साठी शेंगदाणे. १०० ग्रॅममध्ये साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज १४-१६ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे मूठभर दाण्यांनी बराच पल्ला गाठला जातो. दख्खनच्या पठारावर, मुख्यतः तेलंगणाच्या बाजूला, जिथे गरिबांचं पोट जवळजवळ नुसत्या ज्वारीवर भरायचं, तिथे बी३ कमी पडून पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा, उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलपटायची, जुलाब, भ्रम, आणि हैदराबादला पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर खूप काम केलं. यात ज्वारीला नावं ठेवायची गरज नाही, भाकरी चांगलीच आहे, तिच्याबरोबर दाण्याची चटणी, डाळ, पिठलं, थोडं दूध-ताक असलं की झालं. एकाच धान्यावर दिवसच्या दिवस काढायचे नाहीत एवढंच.

उपासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बी गटातलं नाव घेण्यासारखं काही नाही, खिचडीतला जो काही फायदा आहे तो दाण्याच्या कुटाचा. आठवड्याला दोन-दोन उपास असतील तर राजगिरा, वरई, दाण्याची आमटी, दूध-दही याकडे वळा. बी५, बी६ आणि बी७ ची काळजी साधं मिश्र जेवण जेवणाऱ्याला करायची गरज सहसा पडत नाही. इडली-डोसा, आंबोळी, ढोकळा यांचं पीठ आंबवलं की बी२ आणि फोलेट थोडं वाढतं, तेही चांगलं.

आता बी१२

इथे स्वयंपाकाच्या युक्त्या संपतात. बी१२ फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटात ते बनतं, तिथून दुधात आणि मांसात येतं, समुद्रात सूक्ष्मजीवांकडून माशांत येतं. आपल्याही मोठ्या आतड्यात जिवाणू ते बनवतात, पण ते शोषून घेण्याची जागा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे अलीकडे आहे, त्यामुळे आपल्याच पोटात तयार झालेलं आपल्या काही उपयोगाचं नाही.

म्हणून मोड आलेल्या कडधान्यात, बीटमध्ये, मशरूममध्ये, शिळ्या भाताच्या पाण्यात, आंबिलीत, इडलीच्या पिठात भरवशाचं बी१२ नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी१२ सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं. भाज्या न धुता खाल्ल्या की मातीतून मिळतं असंही फिरतं, तसं करू नका, जंत आणि जुलाब मात्र नक्की मिळतील.

शाकाहारी माणसाचं खरं गणित मांडून बघा. दिवसाची गरज सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम. दुधात १०० मिलीला साधारण ०.४. तीन कप चहात मिळून दीडशे मिली दूध धरलं तर ०.६, छोटी वाटी दही ०.४, ग्लासभर पातळ ताक ०.२, एकूण १.२, आणि दूध पुन्हा पुन्हा उकळलं की त्यातलंही काही कमी होतं. म्हणजे "आमच्याकडे दूधदुभतं भरपूर असतं" म्हणणाऱ्या घरातसुद्धा गरज जेमतेम निम्मी भागते. रोज अर्धा लिटरच्या वर दूध-दही खरंच पोटात जात असेल तरच आकडा जुळतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी निघालं, आणि शहरातल्या मध्यमवर्गीयांत ते प्रमाण अजून जास्त होतं. चांगलं खाऊन-पिऊन सुखी असलेली माणसं होती ती.

मासे-मटण खाणाऱ्यांचं बरं असतं पण त्यातही फरक आहे. बांगडा, तारली, तिसऱ्या, कालवं, कलेजी यात बी१२ भरपूर, एक मध्यम बांगडा खाल्ला की दिवसाची गरज भागून वर उरतं. अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम, तेही पिवळ्यात. चिकनमध्ये मात्र लोक समजतात त्यापेक्षा खूपच कमी, तेव्हा रविवारचं चिकन हा पुरावा म्हणून पुढे करू नका. बी१२ यकृतात साठतं आणि साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे श्रावण पाळला म्हणून काही बिघडत नाही. पण याच साठ्यामुळे फसगतही होते, कोणी दूध-मांस सगळं सोडलं तर पहिली दोन-तीन वर्षं मस्त जातात आणि मग हळूहळू खाली जायला लागतं, तोवर त्याचा संबंध कोणाच्या डोक्यात राहत नाही.

लक्षणं कशी येतात? तळपायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत होऊन झोंबणं, जिना चढताना धाप, विसरायला होणं, चिडचिड. ओठांचे कोपरे फाटणं, सारखं तोंड येणं यात बी२ आणि बाकीची पण असू शकतात. यातलं एकही लक्षण एकट्या बी१२ चं नाही, म्हणून अंदाजावर न जाता टेस्ट करा.

टेस्ट आणि रिपोर्ट

सगळ्यात महत्त्वाचं, रक्त आधी द्या, गोळी नंतर सुरू करा. लोक थकवा वाटला की मेडिकलमधून गोळ्या आणतात, दहा दिवस खातात, मग टेस्ट करतात, आकडा चांगला येतो आणि खरं काय होतं ते कधीच कळत नाही. रिपोर्टमध्ये पिकोग्रॅम प्रति मिली असं एकक बघा, २०० च्या खाली म्हणजे कमी असं बहुतेक ठिकाणी धरतात, २०० ते ३०० मधला पट्टा संशयाचा, तिथे लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड बघायला सांगतात, कारण पेशींना बी१२ कमी पडलं की हे दोन वाढतात.

"हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणजे बी१२ पण ठीक असणार" हे चुकीचं आहे. नसांचा त्रास रक्त नॉर्मल असतानाही होऊ शकतो. आणखी एक गंमत नाही तर काळजीची गोष्ट अशी की बी१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान होतात, आपल्याकडे बऱ्याच बायकांना दोन्ही कमी असतात आणि मग रिपोर्टमधला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, नॉर्मल दिसतो. इंजेक्शननंतर आकडा एकदम दीड-दोन हजार आला तर घाबरू नका, ते औषधाचं आहे, पण काहीही न घेता तो खूप वर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

गोळी कशी निवडायची

बी१२ शोषायला जठरातून येणारं एक प्रोटीन लागतं, इंट्रिन्सिक फॅक्टर, आणि त्याची क्षमता एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमची असते. त्याच्या वरचं जे असतं त्यातलं फक्त एक टक्क्याच्या आसपास तसंच आतड्यातून झिरपतं. म्हणून गोळ्या ५००, १०००, १५०० मायक्रोग्रॅमच्या असतात, हजारातलं दहाएक आत जातं आणि तेवढं गरजेच्या चौपट होतं. आकडा बघून "एवढा हेवी डोस" म्हणून दचकू नका. याच झिरपण्यामुळे जठराचं ते प्रोटीन ज्यांच्यात बनत नाही त्यांनाही मोठ्या डोसच्या गोळीने फायदा होतो, पण मुंग्या, तोल जाणं असं नसांचं लक्षण असेल तर डॉक्टर सहसा इंजेक्शननेच सुरुवात करतात आणि तिथे टाळाटाळ करू नका, उशीर झाला की नसा पूर्ण भरून येत नाहीत.

दुकानात गेल्यावर स्ट्रिप उलटी करून मागचं वाचा, हे काम अक्षरशः एका मिनिटाचं आहे. पहिलं, बी१२ किती मायक्रोग्रॅम ते बघा, कारण साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्ये ते अनेकदा थोडंसंच असतं आणि डेफिशियन्सी असलेल्याला पुरत नाही. दुसरं, बरोबर काय काय आहे ते बघा. मिथाइलकोबालामिन या बी१२ च्याच एका प्रकाराबरोबर प्रिगाबालिन किंवा गॅबापेंटिन घातलेल्या गोळ्या मिळतात, त्या नसांच्या दुखण्याच्या आहेत, त्यांनी झोप येते, चक्कर येते, म्हातारी माणसं पडतात. शेजारणीला मुंग्यांसाठी दिलेली गोळी "बी१२ चीच आहे" म्हणून आईला आणून देऊ नका, आणि कोणाला ती आधीच चालू असेल तर अचानक बंदही करू नका. तिसरं, बी६ किती आहे ते बघा, ते मोठ्या डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच हातापायांना बधिरपणा येतो, आणि माणूस तो घालवायला तीच गोळी अजून खात बसतो. मिथाइल की सायनो यावर फार डोकं शिणवू नका, सायनोकोबालामिन स्वस्त आणि टिकाऊ आहे, मिथाइल आपल्याकडे सगळीकडे मिळतं, डॉक्टर जे देतील ते चालतं.

ज्याचं बी१२ नॉर्मल आहे पण जेवण शाकाहारी आहे, त्याने खाली जाण्याची वाट बघू नये. रोज छोटा डोस किंवा आठवड्यातून एखाद-दोनदा मोठी गोळी, यातलं जे लक्षात राहील ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मला आठवड्याच्या ठरलेल्या वाराची पद्धत घरासाठी सोपी वाटते, सगळ्यांनी एकत्र घ्यायची म्हणजे कोणी विसरत नाही.

केसांसाठी बायोटिनच्या गमीज खाणाऱ्यांसाठी एक सूचना. बायोटिन मोठ्या डोसमध्ये चालू असेल तर थायरॉइडचे आणि हृदयविकारासाठी बघतात त्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, रक्त देताना लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, ते काही दिवस आधी बंद करायला सांगतील.

ज्यांनी जास्त लक्ष द्यायचं

डायबेटीससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे. या गोळीने बी१२ चं शोषण कमी होतं, आणि पायाच्या मुंग्या "शुगरमुळेच असणार" म्हणून सोडून दिल्या जातात. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, ती चांगली गोळी आहे, फक्त दरवर्षीच्या तपासण्यांत बी१२ घाला. तसंच रोज सकाळी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेणारे, जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातून बी१२ सुटं होत नाही. साठीनंतर आम्ल आपोआपच कमी होतं. गोळीतलं बी१२ मुळात सुटंच असतं, त्याला आम्ल लागत नाही, म्हणून या सगळ्यांना दुधापेक्षा गोळीचा उपयोग होतो. जठराचं किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्यांनी तर हे आयुष्यभरासाठी धरून चालावं.

रोज दारू पिणाऱ्या माणसाला बी१ कमी पडतं, आणि अशा माणसाला अचानक गोंधळल्यासारखं व्हायला लागलं, डोळे विचित्र हलायला लागले, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर "प्यायलाय" म्हणून झोपवून ठेवू नका, दवाखान्यात न्या आणि दारूचं स्पष्ट सांगा, तिथे बी१ चं इंजेक्शन वेळेवर मिळणं फार महत्त्वाचं असतं. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होऊन पोटात काही टिकत नसेल तरी बी१ चा विचार व्हायला हवा.

मूल हवंय असं ठरवलं की फॉलिक अ‍ॅसिड त्याच्या निदान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि पुढे पहिले तीन महिने. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, अपॉइंटमेंट मिळाली तोवर ती वेळ निघून गेलेली असते. सरकारी दवाखान्यात मिळते त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. ती नेमाने घ्या, पण त्यात बी१२ नसतं, तेव्हा शाकाहारी असाल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.

हे मी जोर देऊन का सांगतेय, तर फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२ शरीरात एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात, आणि बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारतं पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं, वरून काही कळत नाही. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिक यांच्याच टीमने आया आणि मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात २००८ मध्ये दिसलं की गरोदरपणात ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. ५ मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी स्वस्त पडते म्हणून कोणी मनानेच महिनोन्‌महिने घेऊ नये.

आणि अंगावर पिणारं बाळ. आईचं बी१२ खूप कमी असेल तर दुधातही कमी उतरतं, बाळ चार-सहा महिने नीट असतं, गुटगुटीत दिसतं, मग हसायचं कमी होतं, मान धरायला लागलेलं पुन्हा सोडतं, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळी पडते, काहींना हातापायांना थरथर येते. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना हे ओळखीचं आहे. बाळ सुस्त आहे म्हणून "शांत आहे बिचारं" असं म्हणत बसू नका, त्याच दिवशी दाखवा आणि आई शाकाहारी आहे हे विचारलं नाही तरी सांगा. दूध पाजणं बंद करायचं नाही, बाळाला आणि आईला दोघांनाही बी१२ द्यावं लागतं.

उपचार सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच नव्या लाल पेशी वाढायला लागतात, हिमोग्लोबिन जागेवर यायला साधारण दोन महिने, आणि मुंग्यांना त्याहून जास्त, कधी सहा महिने, कधी अधिक. महिन्याभरात फरक नाही म्हणून सोडू नका. तीनेक महिन्यांनी परत टेस्ट करून आकडा बघा, पहिला आणि दुसरा रिपोर्ट एकाच फाइलला लावा, आणि कारण जर शाकाहार असेल तर आकडा वर आल्यावर गोळी बंद न करता डोस किती कमी करायचा ते विचारा, कारण जेवण तेच राहणार आहे.